अतिसार आणि घरातले हात

मृगाच्या पहिल्या सरी पडून आठपंधरा दिवस लोटले, ओढ्यानाल्यांना गढूळ पाणी आले आणि विहिरीच्या कठड्याबाहेर साचलेल्या डबक्यांतून गुरांची व माणसांची सारखीच ये-जा सुरू झाली, की गावोगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या दप्तरात एका विकाराच्या नोंदी दिवसागणिक वाढू लागतात. तो विकार म्हणजे लहान मुलांचा अतिसार. मुलाला जुलाब होत आहेत हे वाक्य आपल्या घरांतून इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्यात काही भयंकर असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. आणि तरीही पाच वर्षांखालील बालकांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत या विकाराची गणना जगभर आजही होत आहे. त्याहून खेदाची गोष्ट ही की, अतिसाराने दगावणाऱ्या बालकांपैकी फार मोठ्या संख्येला वाचवण्यास ना मोठे रुग्णालय लागते, ना महाग औषध. ज्या विकाराचा उगम बहुधा घरात होतो, त्यावरचा पहिला आणि पुष्कळदा पुरेसा उपायही त्याच घरात, त्याच घरातील माणसांच्या हातांत असतो, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

अतिसाराचे जंतू अथवा विषाणू एका आजारी देहाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि दुसऱ्या देहात तोंडावाटे शिरतात. या दोन टोकांमधला सारा प्रवास बोटे, माश्या, पाणी, भांडी आणि अन्न यांच्या आश्रयाने होतो. आपल्या समाजात मोठ्या माणसाच्या शौचाविषयी पराकाष्ठेची किळस आणि सोवळ्याओवळ्याचे कडक नियम आहेत, परंतु तान्ह्या मुलाच्या शौचाविषयी मात्र कमालीची उदारता आहे. ‘लेकराच्या शीला कसली आलीय घाण!’ असे आजी कौतुकाने म्हणतात, नातवाचे ढुंगण धुतात, आणि त्याच ओलसर हाताने शेजारच्या टोपल्यातली भाकरी उचलून दुसऱ्या नातवाच्या हाती देतात. त्या उद्गारातले प्रेम निःसंशय खरे आहे. शास्त्रीय वस्तुस्थिती मात्र नेमकी उलट आहे. लहान मुलांना अतिसार अधिक वेळा होत असल्यामुळे त्यांच्या विष्ठेत रोगजंतू असण्याचा संभवही अधिक असतो, आणि रोटा नावाच्या विषाणूने आजारी पडलेल्या बालकाच्या एक ग्रॅम विष्ठेतच अब्जावधी विषाणू असू शकतात. सबब मुलाची शी अंगणाच्या कडेला, उकिरड्यावर किंवा गटारात टाकण्याचा जो शिरस्ता अनेक घरांतून आहे, तो मोडून ती शौचकूपातच टाकली पाहिजे, आणि त्यानंतर हात साबणानेच धुतले पाहिजेत.

हात धुण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण हात धुवावेत हे ज्याला ठाऊक नाही असा मनुष्य शोधूनही सापडणार नाही, आणि तरीही हात धुण्याची रीत पाहावी तर ती बहुतेक घरांत अपुरी आढळते. सकाळी दहाच्या सुमारास, स्वयंपाक अर्धा झालेला असताना, मूल मोरीच्या तोंडाशी बसून शी करते. आई घाईघाईने उठते, डाव्या हाताने त्याला स्वच्छ करते, तांब्यातले पाणी त्या हातावरून एकदा फिरवते, हात पदराला पुसते आणि पुन्हा परातीतल्या पिठाशी येऊन बसते. काही वेळाने ती मऊ वरणभात बोटांनी कुस्करून, त्याचा लहानसा घास करून मुलाच्या तोंडात घालते. भरवण्याची ही आपली रीत सुंदर आहे, ती सोडण्याचे काहीच कारण नाही. परंतु ज्या घरात मूल आईच्या बोटांनीच जेवते, त्या घरात त्या बोटांची स्वच्छता ही मुलाच्या ताटाचीच स्वच्छता होय. नुसत्या पाण्याने हातावरचा स्निग्ध थर सुटत नाही, आणि जंतू त्या थराला चिकटून राहतात. साबण तो थर सोडवतो आणि वाहते पाणी जंतूंसह तो वाहून नेते. म्हणून साबण लावून दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांच्या कडा निदान वीस सेकंद चोळाव्यात, वरून पाण्याची धार सोडावी, आणि हात पदराला न पुसता स्वच्छ फडक्याला पुसावेत अथवा वाऱ्यावर वाळू द्यावेत. बादलीत हात बुडवणे हे हात धुणे नव्हे, कारण एका हाताचे जंतू त्या बादलीतून सर्वांच्या हातांना लागतात. घरात साबण नसेल त्या वेळी चुलीतली स्वच्छ राख चालेल, माती मात्र वापरू नये. तिच्यात जंतांची अंडी असू शकतात.

हे सारे केव्हा करावे? शौचाहून आल्यावर, मुलाला धुतल्यावर, स्वयंपाकाला लागण्यापूर्वी, आणि जेवण्यापूर्वी वा भरवण्यापूर्वी. नियम एवढाच आहे, पण तो पाळला जाण्यासाठी साबणाची वडी मोरीत एक आणि स्वयंपाकाच्या ओट्याजवळ एक, अशी डोळ्यांसमोर ठेवली पाहिजे. अंघोळीचा साबण वरच्या फळीवर डबीत बंद करून ठेवणाऱ्या घरात दिवसातून पाच वेळा हात धुतले जातील, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

हातांचा आणि मृत्यूचा संबंध पुराव्यानिशी दाखवून दिला तो व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात काम करणाऱ्या इग्नाझ सेमेलवाइस या वैद्याने. शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या वैद्यांच्या विभागात बाळंतिणी ज्वराने मरत होत्या. एप्रिल १८४७ मध्ये तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा १८ च्या घरात गेले होते. मे महिन्यापासून सेमेलवाइस यांनी प्रत्येकाने चुन्याच्या क्लोरीनयुक्त द्रावणात हात धुतल्याखेरीज स्त्रीला स्पर्श करू नये असा दंडक घातला, आणि त्याच उन्हाळ्यात ते प्रमाण शेकडा २ च्या आसपास खाली आले. जंतूंचे शास्त्र तेव्हा अद्याप उभे राहायचे होते. त्यांच्या म्हणण्याची त्या काळी उपेक्षाच झाली. आमच्या वाचकांना यातली एक गोष्ट विशेष जवळची वाटेल. सेमेलवाइस यांनी हातांसाठी वापरलेला तो क्लोरीनयुक्त चुना म्हणजेच आपल्या ग्रामपंचायतीत ‘टीसीएल’ या नावाने ओळखली जाणारी, विहिरीत व टाकीत टाकली जाणारी ती उग्र वासाची पांढरी पावडर होय.

या पावडरीविषयी गावोगाव तक्रार ऐकू येते ती तिच्या वासाची. पाण्याला वास येतो म्हणून लोक नळाचे पाणी टाकून देतात आणि ओढ्याकाठच्या झऱ्याचे ‘गोड’ पाणी आणतात. वस्तुतः तो मंद वास ही संरक्षणाची खूण आहे. पावडर टाकल्यावर निदान अर्धा तास थांबून, पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे की नाही हे ओटी परीक्षेने पाहायचे असते. नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकताच पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, रंग आला नाही तर शुद्धीकरण झालेले नाही. गावचा जलसुरक्षक ही परीक्षा करतो आणि ती कोणाही गावकऱ्याला उभे राहून पाहता येते. पावडरीचे पोते उघडे किंवा दमट जागी राहिले तर तिच्यातला क्लोरीन उडून जातो, आणि मग नुसता चुना टाकल्याचे समाधान तेवढे पदरी पडते. आपल्या राज्यात पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर सार्वजनिक पाणवठ्यांची स्वच्छता-पाहणी होऊन ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड दिले जाते. आपल्या गावाला कोणत्या रंगाचे कार्ड मिळाले आहे हे ग्रामसभेत विचारणे हा प्रत्येक आईबापाचा हक्क आहे, आणि माझ्या मते ते त्यांचे कर्तव्यही आहे.

शहरातील वाचकांनीही निर्धास्त राहू नये. जेथे पाणी दिवसातून काही तासच येते, तेथे पुरवठा बंद असताना नळवाहिन्यांतला दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून नळ आल्याबरोबरचे पहिले पाणी पिण्यासाठी भरू नये, आणि इमारतीची टाकी साफ केव्हा झाली याची चौकशी सोसायटीच्या सभेत अवश्य करावी. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, पण जंतू मरत नाहीत; फडक्याने गाळण्याचेही तेच. लहान मुलांसाठी पाणी खळखळून उकळणे, किंवा क्लोरीनच्या गोळ्या वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास ठेवणे, हे उपाय विश्वसनीय आहेत. परंतु घरातला माठ उघडा असेल आणि प्रत्येक जण त्यात पेला बुडवून, बोटांसह, पाणी काढत असेल, तर उकळण्यावर खर्च झालेला गॅस वाया गेला असे समजावे. माठावर झाकण आणि त्याशेजारी लांब दांड्याचे ओगराळे, किंवा त्याहून उत्तम म्हणजे तोटीचा माठ, एवढी तजवीज फार खर्चाची नाही.

अन्नाच्या बाबतीत पहिल्या सहा महिन्यांचा नियम अत्यंत सोपा आहे: आईचे दूध, आणि त्याशिवाय काहीही नाही, उन्हाळ्यात पाणीसुद्धा नाही, कारण तहान भागवण्याइतके पाणी त्या दुधात असते. येथे बाळगुटीचा प्रश्न येतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ यांचे वेढे सहाणेवर उगाळून बाळाला चाटवण्याच्या रिवाजामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे वात्सल्य आहे. परंतु ती सहाण ओली असताना तिच्यावर काय बसून गेले, उगाळण्याचे पाणी कोठले, चाटवणारे बोट कसे होते, याची खात्री कोणत्याही घराला देता येत नाही, आणि त्या वयाच्या बाळाला या कशाचीच गरज नसते. मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत अजिबात देऊ नये, कारण त्यातील एका जंतूच्या बीजापासून तान्ह्या बाळाला प्राणघातक विषबाधा होऊ शकते. दुधाच्या बाटलीचे रबरी बोंड आणि जुन्या बोंडल्याची चोच, दोन्ही आतून नीट घासता येत नाहीत; वरचे दूध द्यावेच लागले तर वाटी-चमचा वापरावा.

सहा महिन्यांनंतर मूल रांगू लागते, सापडेल ते तोंडात घालू लागते, आईच्या देहातून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते, आणि याच सुमारास दातही येऊ लागतात. या साऱ्या गोष्टी एकाच वेळी घडल्यामुळे ‘दात येताहेत म्हणून जुलाब होतात’ असा समज रूढ झाला आहे, आणि तो निरुपद्रवी नाही. कारण दातांचे जुलाब म्हणून घर स्वस्थ बसते आणि त्या स्वस्थतेत मोलाचा दिवस निघून जातो. जुलाब दातांनी होत नाहीत, जमिनीवरून तोंडात गेलेल्या जंतूंनी होतात.

आता प्रत्यक्ष जुलाब सुरू झाल्यावर काय करावे, याकडे वळतो. अतिसारात मूल दगावते ते बहुधा जंतूंमुळे नव्हे, तर अंगातून निघून गेलेल्या पाण्यामुळे व क्षारांमुळे. सात किलो वजनाच्या मुलाच्या देहातून सातशे मिलिलिटर पाणी गेले की त्याची अवस्था चिंताजनक होते, आणि वारंवार पातळ शौच होणाऱ्या मुलाच्या बाबतीत एवढे पाणी जाण्यास दिवसही पुरा लागत नाही. अशा वेळी पाजले की पुन्हा जुलाब होतात म्हणून पाणी बंद करणे, पोटाला विश्रांती म्हणून अन्न बंद करणे, ही आपल्या घरांतील सर्वांत घातक चूक आहे. जाणारे पाणी थांबवणे आपल्या हाती नसते. गेलेले भरून काढणे मात्र पूर्णपणे आपल्या हाती असते.

ते भरून कसे काढावे याचे उत्तर शरीरशास्त्राच्या एका सूक्ष्म शोधातून मिळाले. आतड्यात साखर व मीठ एकत्र आले तर साखर आपल्यासोबत मिठाला आत नेते आणि त्यांच्यामागून पाणीही शोषले जाते, ही यंत्रणा रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथील परिषदेत मांडली. अतिसारातसुद्धा ही वाट बहुधा उघडीच राहते. या ज्ञानाची खरी कसोटी लागली ती १९७१ मध्ये, बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामातील निर्वासितांचे लोंढे बंगालच्या सीमेवर येऊन छावण्यांत पटकी पसरली तेव्हा. बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबिस यांच्यासमोर रुग्ण जमिनीवर पडून होते आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले होते. त्यांनी एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणाच्या पुड्या कोलकात्यात तयार करवून घेतल्या, ते द्रावण तोटीच्या पिंपांत भरले, आणि रुग्णांना पाजण्याचे काम त्यांच्या आप्तांवर सोपवले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते चारच्याही खाली आले. महालनबिस २०२२ मध्ये निवर्तले आणि पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. मला या वृत्तांतातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की, त्या छावणीत पेला धरणारे हात वैद्यांचे नव्हते. ते आयांचे, बापांचे, भावंडांचे होते.

तीच पुडी, घटकांत सुधारणा होऊन, आज ‘ओआरएस’ या नावाने मिळते. ती करण्यातही दक्षता हवी. पुडीवर एक लिटर लिहिले असेल तर स्वच्छ पाणी बरोबर एक लिटर मोजून घ्यावे, पुडी सबंध त्यात रिकामी करावी आणि चमच्याने विरघळवावी. अर्धी पुडी पेल्यात, अर्धी उद्यासाठी, असे करू नये, कारण क्षारांचे प्रमाण बिघडते आणि फार खारट द्रावण मुलाला अपायकारक ठरते. तयार द्रावण झाकून ठेवावे आणि चोवीस तासांनंतर उरलेले फेकून द्यावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर, घाई न करता, तान्ह्याला चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा, अधिक सावकाश, सुरुवात करावी. पुडी हाताशी नसेल तेव्हा एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवावे. चमचा शीग भरून घेऊ नये. सहा महिन्यांवरील मुलाला मीठ घातलेली भाताची पेज, ताक, वरणाचे पाणी हीही उपयोगी पडतात. दुकानातील गोड सरबते व शीतपेये मात्र देऊ नयेत. जास्त साखर आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढवते.

स्तनपान क्षणभरही थांबवू नये. मोठ्या मुलाला मऊ खिचडी, केळे, दहीभात असे थोडे थोडे, वरचेवर द्यावे, आणि बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावे. यासोबत जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, गोळ्या चौदा दिवस द्याव्यात: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २० मिलिग्रॅम. गोळी चमचाभर आईच्या दुधात किंवा पाण्यात विरघळते. जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करावेत. पुढील दोन-तीन महिन्यांत अतिसार पुन्हा होण्याचा संभव त्यामुळे कमी होतो. जुलाब ‘बांधणारी’ औषधे लहान मुलांना कधीही देऊ नयेत, आणि प्रतिजैविके वैद्यांनी लिहून दिल्याखेरीज देऊ नयेत.

घरच्या उपायाची मर्यादा कोठे संपते हेही ठाऊक हवे. मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, रडताना अश्रू येईनासे झाले, लघवी कित्येक तास झाली नाही, पाणी पिण्याचीही ताकद उरली नाही, पाजलेले सारे उलटून पडू लागले, शौचातून रक्त पडले, किंवा पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती सावकाश पूर्ववत होऊ लागली, तर क्षणाचाही विलंब न करता दवाखाना गाठावा, आणि वाटेतही चमच्याने पाजत राहावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाच्या बाबतीत तर वाट पाहूच नये.

रोटा विषाणूविरुद्ध लस आता सरकारी लसीकरणात, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात तोंडावाटे, विनामूल्य मिळते. २०१६ मध्ये चार राज्यांपासून तिचा आरंभ झाला. ती सर्व प्रकारच्या जुलाबांना प्रतिबंध करत नाही, पण त्यांतील एका अत्यंत गंभीर कारणाला करते, तेव्हा ती चुकवू नये.

हे सर्व लिहीत असताना एक गोष्ट मनाला सतत टोचत राहते. मुलाच्या आरोग्याविषयीचा प्रत्येक उपदेश आपण आईच्या नावे लिहितो, जणू घरात दुसरे हात नाहीतच. पाणी उकळणे, माठ धुणे, मुलाची शी साफ करणे, वरचेवर चमचा पुढे करत रात्र जागवणे, ही कामे वडिलांना, आजोबांना, मोठ्या भावंडांना तितकीच करता येतात, आणि आजारी मुलाला अशा अनेक हातांची गरज असते. म्हणून माझी विनंती घरातील कर्त्या पुरुषांना आहे. या वर्षीचा पाऊस सुरू होण्यापूर्वी गावच्या आशाताईंकडे, अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात स्वतः जा, ओआरएसच्या दोन पुड्या आणि झिंकच्या चौदा गोळ्या मागून घ्या. त्यांचे पैसे पडत नाहीत. द्रावण कसे करायचे ते तेथेच विचारून घ्या, आणि घरी आल्यावर एकदा आपल्या हाताने लिटरचे माप ठरवून ठेवा.